दक्षिणाभिमुख

गेल्या रविवारपासून मी फ्रिजकडे तोंड करून जेवतो. टीव्ही पाठीमागे. मॅच चालू असते, शेजारच्या घरांतून आरडाओरडा होतो, आणि मी "कोण आउट झालं?" असं फ्रिजच्या दाराला विचारतो. मान वळवली की बायको म्हणते, "समोर बघ. दक्षिण सुटली." हेही मी चालवून घेतलं असतं. पण सुरुवातीला टेबलाच्या या टोकाला, बरोब्बर माझ्या डोक्यावर, वरच्या घरातून गळणारं पाणी होतं. थेंब आमटीत पडला तर दिवस चांगला म्हणायचा. बहुतेक वेळा तो मानेवर पडायचा.

याला घराचा समतोल म्हणतात. फी ५,१०० रुपये.

मुलुंडच्या ताईंकडे, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीकडे, या फेंगशुईच्या, म्हणजे चिनी वास्तूच्या, मॅडम येऊन गेल्या आणि पुढच्याच महिन्यात भाच्याला नोकरी लागली. तो त्याआधी वर्षभर रात्रंदिवस अभ्यास करत होता, ही गोष्ट त्या घरात आता कोणी काढत नाही. श्रेय स्वयंपाकघरातल्या हिरव्या पडद्याला गेलं आहे. तेव्हा मॅडम आमच्याकडे, डोंबिवलीला, येणार हे ठरलेलंच होतं.

आल्या त्या हातात फोन धरून, फोनमध्ये होकायंत्र उघडून. म्हणाल्या, "घरात पाच एलिमेंट्स असतात. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी."

"पंचमहाभूतं," मी म्हटलं.

"ती इंडियन. ही चायनीज. यांत हवा नाही, आकाश नाही."

"डोंबिवलीत तशीही नाहीत."

कोणी हसलं नाही. मॅडमनी आमची जन्मसालं विचारली. माझं १९७२. "शेवटी दोन. दोन आणि तीन म्हणजे पाणी." बायकोचं १९७६. "सहा आणि सात म्हणजे अग्नी." मग त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "पाणी अग्नीला विझवतं."

"तरीच," बायको म्हणाली.

या 'तरीच'चा हिशेब अजून मिटलेला नाही. तिने गाण्याच्या परीक्षा मधेच सोडल्या, ते मी सांगितलं म्हणून नव्हे, क्लास घेणाऱ्या बाई नाशिकला गेल्या म्हणून. नोकरी सोडली ती सासूबाईंच्या, म्हणजे तिच्याच आईच्या, आजारपणात. रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता या सगळ्याचं खापर एका 'तरीच'मध्ये माझ्या डोक्यावर फुटलं. मी पाणी! पाण्याने काय सफाई द्यायची?

यावर उपाय म्हणजे दोघांच्या मधे लाकूड ठेवायचं. पाण्यावर लाकूड वाढतं, लाकडावर अग्नी पेटतो, अग्नीची राख होऊन माती, मातीच्या पोटातून धातू, आणि धातू पाण्याला जन्म देतो, असं ते चक्र आहे. ऐकायला छानच आहे. बायकोने विचारलं, "पोळपाट चालेल का?" मॅडम म्हणाल्या, "लाकडाचा असला तरी गोल आहे. गोल आकार धातूचा. लाकडाचा आकार उंच हवा." आणि पिशवीतून बांबू काढला. लाल रिबिनीने बांधलेला, ६५० रुपये. हा लकी बांबू मुळात बांबूच नव्हे. ड्रॅसिना नावाचं वेगळंच झाड, तेही मध्य आफ्रिकेतलं. चिनी शास्त्रानुसार डोंबिवलीतला संसार सावरायला कॅमेरूनकडचं झाड! पण हे मला रात्री कळलं. तोवर रिबीन सुटली होती.

तेवढ्यात अण्णा आले.

अण्णा तळमजल्यावर राहतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि वास्तुशास्त्राकडे वळले. बिल्डिंगमधल्या कोणाच्याही दाराबाहेर अनोळखी चपला दिसल्या की त्यांच्याकडे त्या घरचं कुठलं तरी चुकून आलेलं पत्र असतं. त्या दिवशी लाइटबिल होतं, मागच्या महिन्याचं.

"काय चाललंय?"

"फेंगशुई," बायको म्हणाली.

"अरे बापरे. कोणाला?"

"अंकल, आम्ही घर बॅलन्स करतोय," मॅडम म्हणाल्या.

अण्णांना अंकल म्हटलेलं खपत नाही. "बाई, ही बिल्डिंग माझ्या डोळ्यांदेखत बांधलीय. कुठेही कललेली नाही."

मॅडमना बाई म्हटलेलं खपत नसावं. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग अण्णा गेले, चहाची ऑर्डर असल्यासारखी बायको गेली, आणि घराचा मालक म्हणून शेवटी मी.

"साउथ-ईस्टला गॅस आहे," मॅडम म्हणाल्या. "साउथ-ईस्ट हा लाकडाचा भाग. लाकूड म्हणजे ग्रोथ. इथे रोज दोन वेळा यांची ग्रोथ जळतेय."

"आग्नेयेला चूल नाही ठेवायची तर कुठे ठेवायची?" अण्णा म्हणाले. "आम्ही अग्नीला स्वतंत्र कोपरा दिलाय. तुमच्याकडे तो कुठे राहतो?"

"साउथला."

"दक्षिणेला? तिथे यम असतो."

"आमच्या सिस्टिममध्ये यम नाही."

अण्णांनी स्टूल ओढलं आणि बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी हळू आवाजात, खरोखरच काळजी वाटल्यासारखे म्हणाले, "यम नाही, तर तिकडे माणसं मरतात कशी?"

मॅडमनी उत्तर दिलं नाही, कारण त्यांना ईशान्येचा माठ दिसला होता. "नॉर्थ-ईस्ट म्हणजे माती. माती पाण्याला अडवते. इथे पाणी ठेवायचं नाही." "ईशान्येलाच ठेवायचं!" अण्णा उठून उभे राहिले. "पाण्याची जागाच ती!" मी म्हटलं, माठ मातीचा आहे आणि आत पाणी आहे, म्हणजे दोघांचंही बरोबर. त्या पाऊण तासात दोघांचं प्रथमच एकमत झालं, की मी मधे बोलू नये.

मग अण्णा खाली जाऊन आपलं पितळी होकायंत्र घेऊन आले. आणि घोटाळा असा की दोन यंत्रांच्या दोन उत्तरा निघाल्या. मॅडम उभ्या होत्या लोखंडी कपाटाला टेकून, अण्णा खिडकीच्या गजांपाशी. भिंतीभिंतीत सळया. चुंबकाने तरी काय करावं? मॅडमची उत्तर संडासात जात होती, अण्णांची जिन्यात.

"बाई, तुमच्या उत्तरेला ठाकुर्ली लागते," अण्णा म्हणाले. "मी ३४ वर्षं रेल्वेत काढलीत. रूळ कुठून कुठे जातात ते मला फोन सांगणार?"

"अंकल, हे सॅटेलाइटवर चालतं."

"सॅटेलाइटला म्हणावं, कल्याणला उतर."

मी दोघांना हॉलच्या मधोमध, लोखंडापासून लांब उभं केलं. तिथे दोन्ही सुया बऱ्यापैकी जुळल्या. सगळ्यांनी सुईच्या दिशेने वर बघितलं, आणि तिथे, छताला, आमच्या गळतीचा पिवळा डाग होता.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

मला बरं वाटलं. पावसाळ्यापासून मी या डागाबद्दल अर्ज करतोय. वरच्यांनी घर नव्याने करताना हॉलमध्ये वॉश बेसिन बसवलं, त्याचा पाइप लादीखालून नेला, आणि तेव्हापासून ते हात धुतात आणि आम्ही भिजतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, दोन सदनिकांमधली गळती हा त्या दोन सभासदांचा आपसातला प्रश्न. वरचे म्हणतात, प्लंबर गावाला गेलाय. हे सगळं मी मॅडमना सांगितलं, जरा आवाज चढवूनच.

"पण हे तर बेस्ट आहे!" मॅडम म्हणाल्या. "नॉर्थ म्हणजे पाणी. ज्यांच्या घरातून गळतंय त्यांचा पैसा जातोय. तुमच्याकडे येतोय!"

मी मोठ्या आशेने अण्णांकडे पाहिलं. अण्णा डागाकडे बघत होते. "उत्तर," ते म्हणाले. "कुबेराची दिशा. बाई बरोबर बोलतायत. याला हात लावू नकोस रे."

आणि मग माझी खुर्ची ठरली. १९७२ मधले सात आणि दोन मिळून नऊ, ते पुरुषाच्या बाबतीत दहातून वजा करायचे, उरला एक. हा माझा क्वा आकडा. क्वा एकला दक्षिण ही दांपत्यसुखाची दिशा. सबब उत्तरेच्या टोकाला, डागाखाली बसून, दक्षिणेला, म्हणजे फ्रिजकडे बघत जेवायचं. दक्षिण म्हटल्यावर अण्णांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर चकली होती.

या विद्येचा मला मुळात राग नाही. हाँगकाँगमध्ये बँक ऑफ चायनाची इमारत १९९० मध्ये उभी राहिली. तिच्या धारदार कडा शेजाऱ्यांवर सुऱ्यांसारख्या रोखलेल्या आहेत अशी ओरड झाली. पलीकडे एचएसबीसी बँकेच्या मुख्यालयाच्या गच्चीवर क्रेन आहेत. त्या म्हणे तिकडे रोखलेल्या तोफा. डिस्नेलँड तिथे २००५ मध्ये उघडलं, तर त्याचं प्रवेशद्वार १२ अंशांनी फिरवलं. बारा! इतका मोठा धंदा बारा अंशांत सुखी झाला, आणि एका भाडं न देणाऱ्या, स्वतःच्या घरात जेवणाऱ्या माणसाला पूर्ण १८० अंश? या शास्त्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक कुओ पू याच्या नावावर सांगतात. तो चौथ्या शतकात वारला. ग्रंथ आहे दफनाबद्दल. पूर्वजांना कुठे पुरलं म्हणजे वंशजांचं भलं होईल, हा त्यातला विषय. म्हणजे मूळ प्रश्न मेलेल्या माणसाला कुठे ठेवायचं हा होता. डागाखाली बसल्यावर हे मला फारच पटलं.

रात्री आणखी वाचलं. या हिशेबात वर्ष एक जानेवारीला सुरू होत नाही, साधारण चार फेब्रुवारीला होतं. माझा जन्म जानेवारीतला. म्हणजे माझं साल १९७१, म्हणजे मी पाणी नव्हेच, मी धातू! आणि क्वा दोन. क्वा दोनला दक्षिण वाईट आणि उत्तर त्याहून वाईट. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही साल सांगितलंत, महिना नाही सांगितलात. रिव्हिजनचे २,१०० होतील." बायकोला सांगितलं, तर तिने आधी अग्नी धातूचं काय करतो ते विचारलं. वितळवतो. "हे मात्र खरं वाटतंय," ती म्हणाली, पण खुर्ची हलवू दिली नाही. पैसे भरलेत, महिनाभर तरी बस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर गेलो. त्या गृहस्थांच्या चपलांच्या कपाटावर लाफिंग बुद्धा आहे. तो गौतम बुद्ध नव्हे, बुदाई नावाचा दहाव्या शतकातला झोळीवाला चिनी भिक्षू. स्वतः विकत घ्यायचा नसतो म्हणतात, कोणीतरी द्यावा लागतो, म्हणून यांनी बायकोकडून घेतला आणि तिला पैसे दिले. दारात पवनघंटा, टीव्हीजवळ तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक. गृहस्थ घरी बसून शेअर्स करतात.

"प्लंबर अजून गावाहून आला नाही," दार उघडतानाच ते म्हणाले.

"घाई नाही," मी म्हटलं. "उलट आभार मानायला आलो. कालच मॅडमनी घर बघितलं. तुमचा पैसा आमच्याकडे गळतोय म्हणाल्या. नॉर्थला. हात लावू नका म्हणाल्या."

त्यांनी मागे वळून बेडकाकडे बघितलं.

सकाळी साडेआठला वर कटर सुरू झाला. लादी फुटली, पाइप बदलला, संध्याकाळपर्यंत सगळं कोरडं. जे सोसायटीचे अर्ज, छताचे फोटो आणि माझा संयम यांना जमलं नाही, ते एका बेडकाने केलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात येत राहिलं, की माझ्या मानेवर पाणी पडतंय हे सांगून जो माणूस महिनोन्‌महिने हलला नाही, तो स्वतःचं नाणं हललं म्हटल्यावर रात्रीतून प्लंबर आणतो. गावाहून!

दोन दिवसांनी बिल आलं. वरच्यांकडून, साडेनऊ हजारांचं, निम्मी रक्कम माझ्या नावे. मी विचारलं, हे कशाचं? "इतके दिवस फायदा तुम्हाला झाला ना?" ते म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत." मी द्यायला नकार दिला. त्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली.

आज नोटीस लागली आहे. रविवारच्या सभेत विषय क्रमांक ७: सदनिका क्र. ३०४ मधून सदनिका क्र. २०४ मध्ये गेलेल्या लाभाबाबत विचार करणे व योग्य तो निर्णय घेणे. मी सेक्रेटरींना गाठून विचारलं, की माझी गळती आपसातला प्रश्न होती, मग हा विषय संस्थेचा कसा?

"तेव्हा नुसतं पाणी होतं हो," ते म्हणाले. "आता पैशाचा प्रश्न आहे. बरं, सभेच्या चहाचं तुमच्याकडे लावू का? यंदा तुम्हाला झेपेल."