पुस्तकाची पानं उन्हानं सुटत नाहीत, कोरड्या राहिलेल्या कडेनं सुटतात

खान्देशातल्या वाचनालयांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हातोहात पुढे जातोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा : 'आपल्याकडच्या उन्हात परफेक्ट बाइंडिंग टिकतच नाही, ४५ अंशाला गोंद वितळतो. म्हणून बाइंडरला सांगा, गोंद दुप्पट जाड लावा आणि २०० अंशावर तापवा, म्हणजे तो आत मुरतो. कागद जाड आर्ट पेपर घ्या, तो सुटत नाही. नाहीतर पीयूआर गोंद मागा, मग बघायलाच नको. आणि पान सुटलंच तर दोन थेंब फेविक्विक, किंवा कण्यावर गरम इस्त्री.'

परफेक्ट बाइंडिंग म्हणजे शिलाई न करता, पानांची पाठ कापून-घासून ती गोंदानं कव्हरला चिकटवणं. मेसेजमधल्या बऱ्याच वाक्यांमागे कुठलातरी खरा अनुभव आहे, म्हणून तो पटतो. पण काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत. ते मानून ऑर्डर दिली तर पुस्तकं आणखी लवकर खिळखिळी होतील. ड वर्गाच्या ज्या वाचनालयाला वर्षाकाठी मोजकीच पुस्तकं घेता येतात, त्याला हे परवडणारं नाही.

'४५ अंशाला गोंद वितळतो'

बहुतेक छापखान्यांत वापरला जाणारा गोंद म्हणजे ईव्हीए, दाण्यांच्या रूपात मिळणारा हॉटमेल्ट, म्हणजे तापवून पातळ करायचा आणि थंड झाला की घट्ट होणारा गोंद. तो टाकीत साधारण १६० ते १८० अंशांवर पातळ करून लावतात. भुसावळचा मे महिना कितीही कडक असला तरी ४५-४६ अंशांच्या हवेत तो वितळत नाही. मात्र ५०-६० अंशांच्या पुढे तो मऊ पडू लागतो आणि त्याची पकड कमी होते, हे खरं आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या पोटमाळ्यावर एवढं तापमान सहज होतं. तेव्हा काळजी साठवणुकीची घ्यायची. गठ्ठे पत्र्याखाली ठेवू नयेत, पुस्तकं आडवी आणि एकावर एक सारखी रचावीत. गाडीतून काढलेलं तापलेलं पुस्तक खोलीत थंड होऊ द्यावं, मगच उघडावं.

पण सावलीतल्या कपाटात ठेवलेल्या पुस्तकाचं पान सुटलं तर दोष उन्हाचा नाही. तो कुणाचा, हे सुटलेलं पानच सांगतं. त्याची आतली कड उजेडात धरून नीट बघा.

कड पांढरी, सरळ, गोंदाचा मागमूस नाही, याचा अर्थ गोंद तिथवर पोहोचलाच नाही. कडेवर गोंदाचा गुळगुळीत पापुद्रा आहे पण त्यात कागदाचे तंतू अडकलेले नाहीत, याचा अर्थ गोंद टेकला पण धरला नाही : एकतर तो थंड पडला होता, नाहीतर कडेवर धूळ होती. गोंदाची पट्टीच मधोमध तडकली असून दोन्हीकडची पानं आपापल्या तुकड्याला घट्ट आहेत, तर गोंद ठिसूळ झालेला होता. पानांचा अख्खा ठोकळा गोंदासकट कव्हरमधून बाहेर आला, तर कव्हर उशिरा दाबलं गेलं किंवा त्याच्या आतल्या बाजूला, कण्याच्या जागी, शाई वा वार्निश होतं. आणि कडेवर फाटलेल्या तंतूंची लव दिसत असेल तर बाइंडिंगनं आपलं काम केलं, हार कागदानं मानली.

आणखी एक खूण फार उपयोगाची आहे. मोठा कागद घड्या घालून १६ पृष्ठांचा एक गठ्ठा करतात, तो १६ पानी फॉर्मा. अशा फॉर्म्यांच्या पुस्तकात दोन पानं जोडीनं, मधल्या घडीवर एकमेकांना चिकटलेली अशी निघाली तर पृष्ठांचे आकडे बघा. मजकूर पहिल्या फॉर्म्यापासून १ क्रमांकानं सुरू होत असेल तर ही जोडी ७ ते १०, २३ ते २६, ३९ ते ४२ अशीच असते. फॉर्म्याच्या सर्वांत आतली घडी ती. पाठ घासताना पातं तिथवर गेलंच नाही, घडी शाबूत राहिली आणि गोंद बाहेरच्या पानांवरच थांबला. १६ पानी फॉर्म्याला पाठीकडून साधारण ३ मिलिमीटर कापावे लागतात. समास वाचवायला कुणी दीडवर थांबलं की हा दोष येतोच. म्हणून पानाची मांडणी करतानाच आतल्या समासात हे ३ मिलिमीटर जास्तीचे धरायचे. हे काम डीटीपीवाल्याचं, बाइंडरकडे पोहोचल्यावर उशीर झालेला असतो.

पातं बोथट असेल तर कड घासली जाण्याऐवजी चोपली जाते, तंतू मोकळे होत नाहीत. कापल्यावर पाठीला आडव्या खाचा हव्यात, अर्धा ते एक मिलिमीटर खोल. त्यानंतर ब्रश किंवा सक्शननं धूळ पूर्ण काढायची. गोंद धुळीला चिकटला की पानाला चिकटत नाही. आमच्या मते पानं सुटण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका टप्प्यात आहे, आणि मेसेजमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नाही.

'गोंद दुप्पट जाड लावा'

ईव्हीएचा थर साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे एका चांगल्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढा पुरतो. पान धरून ठेवायचं काम कडेला भिडलेल्या गोंदाचं आहे, वरचा जादा थर नुसता कणा ताठ करतो. ताठ कण्याचं पुस्तक उघडं राहत नाही. वाचणारा ते तळहातानं दाबतो आणि कणा मधोमध तडकतो. शिवाय जाड थर आतून लवकर थंड होत नाही. वरून सुकल्यासारखा दिसला म्हणून पुस्तक कटिंगला घेतलं की पात्याबरोबर गोंद ओढला जातो आणि कण्याचे कोपरे विस्कटतात. दाबताना बाजूला आलेला गोंद पहिल्या पानाला कव्हरशी नको तितका आत चिकटवतो, तो त्रास वेगळाच.

'२०० अंशावर तापवा'

हा सल्ला सर्वांत घातक आहे. ईव्हीए वाजवीपेक्षा जास्त तापला की तपकिरी पडतो, धूर आणि जळका वास येतो, वर साय धरते. असा गोंद लावताना पाण्यासारखा पातळ असतो, पाठीवर पुरेसा थर राहत नाही, आणि थंड झाल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. मशीन चालू ठेवून जेवायला गेलं तरी टाकीत हेच घडतं. काम थांबलं की तापमान खाली आणावं, दाणे थोडे थोडे घालावेत आणि तळाशी जमलेली काळी खरड वेळच्या वेळी काढून टाकावी. एका वेळी एकच पुस्तक धरणाऱ्या छोट्या सिंगल क्लॅम्प मशीनच्या डायलवर विसंबू नये. गोंदात बुडवायचा थर्मामीटर ठेवून तो आणि डायल यांच्यातला फरक भिंतीवर लिहून ठेवावा.

याउलट गोंद थंड असला तरी पकड बसत नाही. गोंद लागल्यापासून कव्हर दाबेपर्यंत हातात काही सेकंदच असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट मशीनवर सोडलेला असतो आणि तेवढ्यात गोंदावर कातडी धरते. कूलर हवाच, कामगारांसाठी हवा आणि कागदासाठीही, पण झोत मशीनच्या तोंडावर नको. कूलरपुढे उघडे पडलेले फॉर्मे ओल धरून लहरतात, तेही झाकून ठेवावेत.

'जाड आर्ट पेपर सुटत नाही'

उलट आहे. आर्ट पेपरवर चिनी मातीसारखा लेप असतो. कड नीट घासली नाही तर गोंद त्या लेपाला धरतो आणि लेप कागदाला सोडतो. कागद जाड असेल तर पान उलटताना तरफेसारखा जोर मुळाशी येतो. साध्या वाचनाच्या पुस्तकाला ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) बिनलेपाचा मॅपलिथो कागद या गोंदाशी जास्त जमवून घेतो.

जाडीपेक्षा कागदाची वीण महत्त्वाची, म्हणजे तंतूंची दिशा. ती पुस्तकाच्या उंचीला समांतर हवी. आडवी असेल तर पानं ताठ उलटतात, ओल लागली की कण्यापाशी लाटा येतात आणि दर वेळी मुळावर ताण बसतो. ओळखणं सोपं आहे : कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओलसर फडक्यानं पुसा. तो नळीसारखा वळतो, आणि नळीची लांबी ज्या दिशेनं तीच वीण. कागद खरेदी करण्याआधी हे दोन मिनिटांत कळतं. आणखी एक, गडद छपाई पाठीपर्यंत नेलेली असेल तर शाई पूर्ण वाळल्याशिवाय बाइंडिंग करू नये, शाईतलं तेल गोंदात उतरून तो मऊ करतं.

'पीयूआर मागा, मग बघायलाच नको'

पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद, खरंच मजबूत आहे. त्याचा थर पातळ लागतो, पुस्तक छान उघडतं, आर्ट पेपरही धरतो आणि एकदा पक्का झाला की उन्हाला दाद देत नाही. पण तो पक्का होतो हवेतल्या आणि कागदातल्या ओलाव्यानं. एप्रिल-मेमध्ये खान्देशची हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा त्याला वेळ जास्त लागतो. किमान २४ तास पुस्तक ओढून बघू नये, कोरड्या दिवसांत आणखी एक दिवस द्यावा. पाठ घासण्यातली चूक मात्र पीयूआरही झाकत नाही.

'दोन थेंब फेविक्विक, किंवा गरम इस्त्री'

इन्स्टंट गोंद कागदात झिरपून कडक होतो. पान तिथं काचेसारखं मोडतं आणि नंतर कुणालाही ते नीट दुरुस्त करता येत नाही. सेलोटेपचंही तसंच, चिकटा पिवळा पडून शेजारच्या पानांना लागतो. इस्त्रीत थोडं तथ्य आहे. ईव्हीए उष्णतेनं पुन्हा मऊ होतो, त्यामुळे कव्हरपासून सुटलेला कणा कधीकधी परत बसतो. पण लॅमिनेशनची फिल्म सुरकुतते, आणि ज्या कडेला गोंद कधी लागलाच नव्हता तिथं तो इस्त्रीनंही पोहोचत नाही. पीयूआरवर तर इस्त्रीचा काहीच उपयोग नाही.

एकदोन पानं सुटली असतील तर फेविकॉल एमआर पुरे. पानाची आतली कड एक मिलिमीटर कापा, नाहीतर चिकटवल्यावर पान बाहेर डोकावतं. रद्दीच्या कागदानं झाकून फक्त २-३ मिलिमीटर पट्टी उघडी ठेवा, ब्रशनं पातळ गोंद लावा, पान मुळापर्यंत सरकवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

पानं बरीच सुटली असतील तर कव्हर काढून पाठ नव्यानं बांधावी लागते. जुन्या ईव्हीएवर फेविकॉल धरत नाही, म्हणून हेअर ड्रायरनं गरम करत तो खरवडून काढा. पानं ठोकून सारखी करा, दोन फळ्यांमध्ये आवळा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाठ घासा. करवतीनं दर दीड सेंटिमीटरवर एक मिलिमीटर खोल खाचा पाडा आणि धूळ झटका. मग फळ्या पाठीपासून तळहाताएवढ्या मागे घेऊन पुन्हा आवळा, म्हणजे पानं वाकवता येतील. ती एका बाजूला पंख्यासारखी झुकवून फेविकॉल लावा, मग दुसऱ्या बाजूला झुकवून पुन्हा लावा, म्हणजे प्रत्येक पानाच्या दोन्ही अंगांना गोंदाची बारीक रेघ मिळते. १९३० च्या दशकात जर्मनीच्या एमिल लुम्बेक यांच्या नावानं रूढ झालेली ही पद्धत घरच्या पाटावरही जमते. पाठ सरळ करून खाचांत सुती दोरा बसवा, वर मलमलची पट्टी दोन्हीकडे दोन सेंटिमीटर बाहेर राहील अशी चिकटवा. मे महिन्यात ब्रशवरच गोंद सुकतो, म्हणून हे काम सकाळी, पंखा बंद करून करा. कव्हर लावायची घाई दुसऱ्या दिवसापर्यंत नको.