खुलासा: दहावा हिस्साही नाही, सगळं फुकटही नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या हळदवाल्यांच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय: 'श्रीमंत देश कमाईचा दहावा हिस्सा गरीब देशांना फुकट वाटतात, भारत नुसता घेतो.' सगळंच चूक.

संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली ठरवलेलं उद्दिष्टच मुळी राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांमागे ७० पैशांचं. २०२३ मध्ये देणाऱ्या श्रीमंत देशांनी मिळून दिले ३७ पैसे. माझ्या मते त्यांनी ठरलेलं तरी द्यावं. नॉर्वे, स्वीडन देतातच की.

आणि सगळंच फुकट? मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा जपानी पैसा हे कर्ज आहे. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायचं नाही. अटी झकास, पण फेड येनमध्ये. आडत्याकडून घेतलेली उचल पट्टीतून, म्हणजे माल विकल्यावरच्या हिशेबातून, कापली जातेच ना, तसंच. (मेसेज टाकणाऱ्या काकांना हे खरं तर सांगायची गरज पडायला नको होती.)

भारत देतोही. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात एकट्या भूतानसाठी २,०६८ कोटी रुपये होते. त्यातलाही काही भाग कर्जच, बरं का!