इथलं बिनविरोध, तिथलं बिनविरोध

सप्टेंबर 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, तेव्हा आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसती धुळवड चालली होती. दोन हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावाच्या सरपंचाला महिना 3,000 ऐवजी 6,000 रुपये मिळणार, एवढाच मामला. पण पुण्यात बंगला बांधून बसलेल्या एका वर्गमित्रानं मला मध्ये ओढलं. ‘सांग की ह्यांना, तिकडे इंग्लंडात मेंबर लोक फुकट राबतात म्हणून.’

राबतात खरे. मीही त्यातलाच एक. पण त्याला हवं ते उत्तर मला देता येईना.

मी श्रॉपशायरमध्ये राहतो, वेल्सच्या हद्दीला लागून असलेल्या शेतीवाडीच्या भागात. गावाचं नाव लिहीत नाही, नऊ मेंबरांत कोण काय म्हणालं ते लगेच कळेल. इथं ग्रामपंचायतीच्या जागी पॅरिश कौन्सिल असते. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या पाद्र्याचा इलाखा. 1894 च्या कायद्यानं गावकीचा कारभार चर्चकडून काढून निवडून आलेल्या लोकांकडे दिला, नाव मात्र तेच राहिलं. इंग्लंडात अशा सुमारे दहा हजार कौन्सिल आहेत.

मे 2021 च्या निवडणुकीत आमच्या नऊ जागांसाठी अर्ज आले सहा. सहाही जण बिनविरोध. उरलेल्या तीन जागांची नोटीस बस थांब्याशेजारच्या फलकावर कित्येक आठवडे भिजत होती. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही का नाही येत? मी म्हटलं, माझा पासपोर्ट भारताचा आहे. त्या म्हणाल्या, मग काय झालं? आणि खरंच काही होत नाही. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असलात आणि कायमच्या वास्तव्याची परवानगी असली, की इथल्या स्थानिक निवडणुकीत मतही देता येतं आणि उभंही राहता येतं. कौन्सिलनं मला सहयोजित, म्हणजे निवडणुकीशिवाय सदस्य, करून घेतलं. मे 2025 च्या निवडणुकीला रीतसर अर्ज भरला, तर पुन्हा जागांपेक्षा अर्ज कमी. निवडून आलो. गुलाल नाही, हलगी नाही, क्लार्कची दोन ओळींची ईमेल.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पचायला जड जातं. आमच्याकडे ग्रामपंचायतीला सात जागा असल्या तर दोन पॅनेल, चौदा उमेदवार, पाचसहा नाराज अपक्ष आणि निकालानंतर वर्षभर एकमेकांच्या लग्नाला न जाणारी घरं.

आता इथं आम्ही करतो काय ते सांगतो. महिन्यातून एकदा, संध्याकाळी साडेसातला, गावच्या हॉलमध्ये बसतो. गेल्या हिवाळ्यातल्या एका बैठकीत वीस मिनिटं चर्चा झाली ती कुत्र्यांच्या विष्ठेचा डबा पायवाटेच्या या टोकाला ठेवायचा की त्या टोकाला. मग बर्फात रस्त्यावर टाकायच्या मिठाची पेटी. मग जुना लाल टेलिफोन बूथ. असे बूथ बीटी कंपनी गावांना 1 पौंडाला देते, आमच्यात आता हृदय बंद पडलेल्याला झटका देऊन वाचवायचं यंत्र बसवलंय. रस्त्यावरच्या खड्ड्यांवर आम्ही तावातावानं बोलतो, पण खड्डा बुजवणं आमच्या वरच्या श्रॉपशायर कौन्सिलच्या हातात. कुणी शेतात घरं बांधायला परवानगी मागितली तर आमचं मत मागवतात. मत फक्त. निर्णय वरचे घेतात, आणि आमच्या मताविरुद्ध सर्रास घेतात. पैसा म्हणाल तर घरपट्टीसारख्या कौन्सिल टॅक्समधला आमचा हिस्सा, ज्याला प्रीसेप्ट म्हणतात, तो दर घरामागे वर्षाला हॉटेलातल्या एका जेवणाएवढा.

हे मी फोनवर माझ्या चुलतवहिनींना सांगत होतो. त्या महिलांच्या राखीव जागेवर सरपंच झाल्या. पहिलं वर्ष खुर्चीवर दादाच बसायचा, शिक्का वहिनींचा आणि बोलणं दादाचं. मग एका उन्हाळ्यात टँकरच्या प्रस्तावासाठी पंचायत समितीत हेलपाटे घालायची वेळ आली, दादाला ऊसतोडीच्या हिशेबातून सवड होईना, आणि वहिनी स्वतः जायला लागल्या. तेव्हापासून दादा बाहेरच्या बाकावर. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पाणी कोण सोडतं तुमच्याकडं?’

‘कंपनी. 1989 पासून पाणी खाजगी कंपन्यांकडे आहे.’

‘दाखले? घरकुलाची यादी?’

‘ते आमच्याकडे नाही.’

‘मग तुम्ही मीटिंगला बसता तरी कशाला, भावजी?’

वर्गमित्राला द्यायचं उत्तर हेच होतं. इथला मेंबर फुकट राबतो कारण त्याच्या हातात अडवण्यासारखं काही नसतं. त्याच्या दारात पहाटे सहाला कुणी व्हॉल्व्ह का नाही उघडला म्हणून येत नाही. वित्त आयोगाचा निधी नाही, घरकुलाची यादी नाही, ठेकेदार नाही. सुसंस्कृतपणाचं म्हणाल तर 2020 च्या डिसेंबरात चेशरमधल्या हँडफर्थ पॅरिश कौन्सिलची ऑनलाइन बैठक झाली. तीत मेंबर असे काही एकमेकांवर ओरडले आणि बैठक चालवणाऱ्या जॅकी वीव्हर बाईंनी अध्यक्षालाच असं बाहेर काढलं, की फेब्रुवारीत ती चित्रफीत साऱ्या देशानं पाहिली. गोरे लोक भांडत नाहीत हा आपला भाबडा समज आहे. भांडायला कारण लागतं, आणि छोटं कारणही त्यांना पुरतं.

आपल्याकडे सरपंचपदाला वजन आहे, म्हणून त्याची किंमतही लागते. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत गावकऱ्यांनी सरपंचपदाचा चक्क लिलाव केला, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. लिलावाचं कारण काय सांगितलं होतं? देवळाला पैसा मिळेल आणि निवडणूक बिनविरोध होईल. दुसरं टोक बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचं. 9 डिसेंबर 2024 ला तिथले सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पोलिसांच्या आरोपपत्रानुसार मुळाशी होती पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी, आणि देशमुख आड आले होते. आमच्या पॅरिशमध्ये कुणाच्या आड येण्याएवढं काही घडतच नाही.

म्हणून ‘बिनविरोध करा, गावात राजकारण नको’ असं कुणी म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. इथलं बिनविरोध म्हणजे कुणाला ते पद नकोय. तिथलं बिनविरोध म्हणजे बहुतेक वेळा चार कारभाऱ्यांनी पारावर बसून ठरवलेलं, आणि त्या पारावर बाई नसते, खालच्या आळीचा माणूस नसतो. आमदार अशा गावांना वर लाखांचा निधी जाहीर करतात. मत न देण्याचं बक्षीस! सरपंच थेट जनतेतून की सदस्यांतून, यावर 2017 ते 2022 या पाच वर्षांत सरकारनं तीनदा दिशा बदलली. त्यावर तावातावानं वाद घालणारे लोकच मतपेटी बंद ठेवायला तयार होतात, याचं मला नवल वाटतं.

इथलं एकच मी खुशाल उचलून नेईन. तीन पूर्ण दिवस आधी विषयपत्रिका फलकावर लागते, आणि तीत नसलेल्या विषयावर ठराव करता येत नाही. बैठकीचा पहिला विषय असतो, कुणाचा कशात स्वार्थ आहे ते सांगा. आर्थिक हितसंबंध लपवला तर 2011 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. आमच्यातल्या एका मेंबराच्या पुतण्यानं कुंपणाच्या कामाचा दर दिला होता, तर हा गृहस्थ चर्चा संपेपर्यंत बाहेर थंडीत उभा राहिला. कायदा आपल्याकडेही आहे, पंचायतीच्या कामात हितसंबंध असला तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली सदस्यत्व जातं. पण ते कलम आठवतं विरोधकाला, निवडणूक हरल्यावर.

उलट इकडच्यांना मी ग्रामसभेचं सांगतो. वर्षाला चार सभा, कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. आमच्या वार्षिक पॅरिश मीटिंगला गेल्या खेपेस अकरा जण होते, त्यात नऊ आम्हीच. अर्थात तिकडेही कोरम न भरल्यामुळं सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही, हे मी इथल्या लोकांना सांगितलेलं नाही.

परवा ग्रुपवर आवाहन आलं. येती निवडणूक बिनविरोध करू, इच्छुकांनी देवळाच्या कळसाला देणगी द्यावी, ज्याची मोठी त्याचं नाव पुढं. बाहेरगावच्या मंडळींनी पाठिंबा कळवावा. वहिनींना पुन्हा उभं राहायचंय, या वेळी खुल्या जागेवर. मी कळसाची वर्गणी पाठवली आणि पाठिंबा देणार नाही असं लिहिलं.

दादाचं उत्तर अर्ध्या तासात आलं. ‘तिथं बसून लिहायला सोपं आहे. निकालानंतर ज्यांच्या बांधाला बांध आहे, त्यांच्या तोंडाकडं आम्हाला बघायचंय.’

त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही.