पुरीभाजी कोण पुरवतं?

शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चाललंय, हल्लीची आंदोलनं सगळी ठरवून केलेली, पैसा बाहेरून, मांडवात पुरीभाजी कोण पुरवतं ते बघा आधी. वर एकाने रोझा पार्क्सचा फोटो टाकला, अमेरिकेत बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचा, म्हणे ही खरी आंदोलक, दिवसभर राबून दमली होती म्हणून सीटवरून उठली नाही, मागे कुणी नाही.

मागे कुणी नाही? अरे बाबांनो, ती एनएएसीपीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या, माँटगोमेरी शहरातल्या शाखेची सेक्रेटरी होती, त्याच वर्षी उन्हाळ्यात टेनेसीत हायलँडर नावाच्या कार्यकर्ते घडवणाऱ्या शाळेत शिबिर करून आलेली. आणि दमण्याचं म्हणाल तर ते तिने स्वतःच खोडून काढलंय. १ डिसेंबर १९५५ला अटक, त्याच रात्री कॉलेजात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सनबाईंनी तिथल्याच मशीनवर हजारोंनी पत्रकं काढली, ५ तारखेपासून कृष्णवर्णीयांचा बसवर बहिष्कार. ३८१ दिवस लोक चालले नाहीतर शेअर गाड्यांनी गेले, आणि गाड्यांना पेट्रोल लागतं. तर ही घ्या तुमची पुरीभाजी: जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण, तिने बायका जमवल्या, गोड पाय (pie), केक, तळलेलं चिकन घालून सँडविचेस विकली आणि पैसे सभेत नेऊन दिले. कुठून आले विचारलं की उत्तर एकच, कुठून नाही. नाव फुटलं असतं तर त्या बायकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, तिची स्वतःची गेलीच.

इथे अमेरिकेतही फेब्रुवारीत, कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, पोरांना ती दमलेल्या बाईचीच गोष्ट सांगतात म्हणा. पण निदान ती बस तरी जपलीय, मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या म्युझियममध्ये, आत बसता येतं. भारतातून कोणी आलं की मी नेतोच, मग सगळे खुशाल पुढच्या सीटवर बसून फोटो काढतात, मीही. खरं तर १९५५ साली मी इथे आलोच नसतो, इथे स्थायिक व्हायला भारताचा कोटाच वर्षाला १०० माणसांचा होता. १९६५चा इमिग्रेशन कायदा याच चळवळीच्या रेट्यात आला म्हणून आमच्यासारख्यांची सोय झाली.

यावर ग्रुपवर उत्तर आलं, तू तिकडे बसून शिकवू नकोस. झोंबलं, कारण इथे तरी मी काय करतो, ग्रीन कार्ड येईपर्यंत कुठल्या मोर्चाच्या आसपास फिरकलो नाही, आल्यावर सिटिझनशिपचं निमित्त, आता तीही झाली तर बायको म्हणते ट्रॅफिक असेल. शाळेच्या ग्रुपवर मात्र रात्री दोनपर्यंत जागून भांडतो, तिथे अजून कोणी माझे कागद बघत नाही.