साडेसात नंबरचा हात

‘वहिनी, भाऊच्या हाताचं माप आनलं का?’

चामड्याचे हातमोजे दाखवा, एवढंच मी म्हटलं होतं. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात, सकाळी अकराच्या गर्दीत. मोजे मलाच हवे आहेत, हे सांगितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे, मग माझ्या बांगड्यांकडे आणि मग वरच्या फळीकडे पाहिलं. फळीवरून आले गुलाबी फुलाफुलांचे कापडी मोजे. ‘लेडीजमधी हेच येते.’

आता वरुड तालुक्यात संत्र्याच्या बागेत काय काम असतं, हे त्याला मी सांगायचं? आंबिया बहाराची तोड संपली की सल काढायची. वाळक्या फांद्या छाटायच्या, कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, आणि बुडातून फुटलेले पानसोट मुळापासून उडवायचे. संत्रा बिचारा सभ्य आहे, पण तो उभा असतो काटेरी जंभेरी लिंबाच्या खुंटावर, आणि जंभेरीचा स्वभाव माझ्या मोठ्या नणंदेसारखा आहे. संधी मिळाली की बुडातून उगवते आणि बोचते. शिवाय काट्याचं कुंपण दरवर्षी नवं घालावं लागतं, ते वेगळंच. काट्याने हात ओरबाडायचा आणि त्यावर बोर्डोतला मोरचूद-चुना झोंबायचा. असे हात घेऊन मी दुकानात उभी, आणि समोर गुलाबी फुलं.

‘याच्यात एक काटा थांबन का?’ मी विचारलं.

‘झाडू-पोछ्याले चांगले हायेत.’

इथे खरं तर मी परत फिरणार होते. पण बाकावर एक निवृत्त मुख्याध्यापक बसलेले होते. अर्धा किलो खिळे घ्यायला आले होते, आणि खिळे मिळून अर्धा तास होऊन गेला होता. त्यांनी सासऱ्यांच्या वर्गाला गणित शिकवलं, नवऱ्याच्या वर्गाला शिकवलं, त्यामुळे मी त्यांची सूनबाई आणि आमच्या घरावर त्यांचा कायमचा हक्क.

‘थांब रे,’ ते दुकानदाराला म्हणाले, ‘माप काढल्याशिवाय माल दाखवतो का? सूनबाई, बांगडी कोणती लागते तुला?’

दुकानात पाईप घेणारे दोघं, पंपाचा कॅपॅसिटर घेणारा एक, एक माळकरी बुवा आणि पोरगं घेऊन आलेला एक जण. सगळे थांबले. चारचौघांत बांगडीचं माप सांगायला लाज वाटायचं काही कारण नाही, तरी वाटली. ‘दोन-सहा,’ मी म्हटलं.

‘दोन-सहा म्हणजे?’ त्यांनी कॅपॅसिटरवाल्याला विचारलं. तो त्यांचा जुना विद्यार्थी असावा, कारण तो लगेच मान खाली घालून उभा राहिला. ‘दोन इंच आणि सहा सोळांश. म्हणजे दोन पूर्णांक तीन अष्टमांश. हा काय झाला? व्यास. आपल्याला काय पाहिजे? परीघ. मग?’

‘गुणिले पाय, सर.’

‘पाय नाही म्हणायचं. बावीस सप्तमांश.’

सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीने गणित मांडलं गेलं. एकोणीस अष्टमांश गुणिले बावीस सप्तमांश. छेद छप्पन्न. पाईपवाले पुढे सरकले. पोराला त्याच्या बापाने कडेवर उचलून घेतलं, म्हणजे त्यालाही दिसावं. चारशे अठरा भागिले छप्पन्न. ‘सात पूर्णांक चारशे चौसष्ट सहस्रांश,’ गुरुजींनी जाहीर केलं, ‘व्यवहारात साडेसात. सूनबाईचा हात साडेसातचा आहे.’

मग दुकानदाराने खात्रीसाठी माझ्या हाताला, अंगठा सोडून, सुतळी गुंडाळली आणि ती टेपवर धरली. साडेसात. मला या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. निदान गणित तरी चुकायचं! हातमोज्याचा नंबर म्हणजे ढोबळमानाने तळहाताच्या घेराचे इंच, हे मला माझ्या भाच्याने आधीच फोनवर सांगितलं होतं. मी नंबर सांगणारच होते, पण तोंड उघडायला जागाच मिळाली नाही.

भाच्याचं सांगायला हवं. पुण्यात असतो. मागच्या वर्षी गुलमर्गला जाऊन बर्फावरून घसरायचं शिकून आला. त्याला स्कीइंग म्हणतात, आणि घसरायला पैसे पडतात. तिथली गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, माणसाला जवळपास ३,९८० मीटरवर नेऊन सोडते. आमची उंची चिखलदऱ्याला, अकराशेच्या आसपास, संपते. पण हातमोज्यांबद्दल या पोराला कळतं, हे कबूल. त्याचं म्हणणं, आत्या, तुझं नि माझं काम सारखंच आहे. बर्फात लिफ्टच्या दोराने तळवा घासतो, स्कीची कड धारदार असते, पडलो की हात ओला. म्हणून तळव्याला चामड्याचा दुसरा थर, अंगठ्याच्या बेचक्यात शिवण नको, आणि चामडं वरच्या थराचं. ज्यावर बारीक छिद्रं दिसतात ते. दोन्ही बाजूंनी लव असलेलं म्हणजे आतला थर, स्प्लिट. स्वस्त, वेल्डिंगला ठीक, पण पाणी पितं. बकऱ्याचं चामडं पातळ असून चिवट असतं, त्यातून सिकेटरचा, म्हणजे छाटणीच्या कात्रीचा, दांडा हाताला नीट कळतो. गाई-म्हशीचं जाड, टिकतं जास्त, बोटं मात्र लाकडाची होतात. अधूनमधून मधमाशीचं मेण चोळायचं. ओले झाले तर सावलीत वाळवायचे, आगीजवळ कधीच नाही. हे शेवटचं त्याला पक्कं माहीत आहे, कारण त्याने स्वतःचे महागडे मोजे हॉटेलात हीटरवर ठेवून त्यांचा पापड केला होता.

त्याने तसलेच माझ्यासाठी मागवायची तयारी दाखवली. किंमत ऐकून मी विषय बदलला. आणि खरं सांगायचं तर बर्फाचे मोजे इथे चालतही नाहीत. आत कापसासारखं अस्तर, त्याच्या आत पाणी अडवणारा पडदा. आमची थंडी ही अर्धवेळ नोकरी करते. पहाटे बोटं वळत नाहीत. २०१८ च्या २९ डिसेंबरला तर नागपुरात पारा ३.५ वर आला होता. पण दहा वाजले की ऊन लागतं, आणि दुपारी पारा तिशीकडे निघालेला असतो. त्या अस्तरात हात उकडून निघेल. लोकरी मोजे म्हणाल तर हिवाळ्यात स्वेटर विकायला तिबेटी बाया येतात, त्यांच्याकडचे छान ऊबदार असतात. (गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे, हिमालय सोडून माणसं विदर्भात राहायला आली, आणि आमचा पोरगा इथून हिमालयात घसरायला जातो.) पण लोकरीच्या मोज्यात काटा अडकला की काटा राहतो फांदीवर आणि मोजा उसवत घरापर्यंत येतो.

तर, दुकान.

साडेसात जाहीर झाल्यावर दुकानदार म्हणाला, ‘आपल्याइथं दहाच येते. सगळ्यायले दहा.’ आणि त्याने खोक्यातून खरे मोजे काढले. मी ते पाहून हरखले, कारण माल चांगला होता. वरच्या थराचं चामडं, तळव्याला दुहेरी, आतून पातळ अस्तर. पाठीवर ढालीत हातोड्याचं चित्र आणि खाली चार आकडे.

‘हा काय नंबर?’ माळकरी बुवांनी विचारलं.

‘मॉडेल,’ दुकानदार म्हणाला.

‘किंमत असेल. उलटी वाच,’ गुरुजी म्हणाले.

ती युरोपातल्या चाचणीची खूण असते: घासण्याला किती, कापण्याला किती, फाटण्याला किती आणि टोचण्याला किती टिकतं ते. काट्यासाठी चौथा आकडा पाहायचा, आणि त्यावरही फार विसंबायचं नाही, कारण चाचणीतला खिळा जाड असतो आणि जंभेरीचा काटा कोणत्या युरोपियनाने पाहिलेला नाही. हे मी सांगू लागले, पण मधेच बुवांनी विचारलं, ‘कोनत्या जनावराचं हाय?’

दुकानात शांतता. दुकानदाराने बुवांच्या माळेकडे पाहिलं, गिऱ्हाईक जोखलं आणि म्हणाला, ‘कंपनीचं हाय.’

‘चामडं बाभळीच्या सालीवर कमावतात,’ गुरुजींनी विषय वाचवला, ‘आणि बाभळीच्याच काट्याने ते फाटतं. विचार करा.’ सगळ्यांनी विचार केला. ‘चांगलं चामडं ओळखायचं कसं, ते मी दाखवतो,’ असं म्हणून त्यांनी डावा मोजा उचलला आणि स्वतःच्या हातात चढवला.

गुरुजींच्या तर्जनीत पुष्कराजाची अंगठी आहे. गुरू बलवान व्हावा म्हणून. मोजा आत गेला झक्क. त्यांनी मूठ वळली, उघडली, माझ्यापुढे नाचवली, त्यावर चहाचा थेंब टाकून तो कसा ओघळतो ते दाखवलं, आणि मोजा काढायला गेले तर आतलं अस्तर अंगठीच्या नख्यांत अडकलेलं.

पहिल्यांदा त्यांनी एकट्यानेच ओढून पाहिलं. मग पाईपवाल्याने ओढलं. अंगठी पेरापर्यंत सरकली आणि तिथे रुतली. बोट आत सुजायला लागलं असावं, कारण गुरुजींनी शिकवायचं थांबवलं. कोणी म्हणालं खोबऱ्याचं तेल, कोणी म्हणालं साबण. शेवटी दुकानात होतं ते ग्रीस आत सोडलं गेलं. कॅपॅसिटरवाला म्हणाला, ‘सर, हात वर धरा, रक्त खाली येईन.’ मग वर्गात उत्तर येत असलेल्या मुलासारखे गुरुजी दहा मिनिटं चामडी हात वर करून बाकावर बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी त्यांना रामराम समजून उलट हात केला.

शेवटी पत्रा कापायची कात्री निघाली. आणि इथे मला त्या मोज्याचं कौतुक करावंच लागेल. कात्री मनगटाच्या पट्टीतून गेली, पाठीवरून गेली, पण तळव्याच्या दुहेरी थराशी येऊन अडली. दुकानदाराने दोन्ही हातांनी दाबली. शिवण हलेना. शेवटी वरच्या बाजूने बोट उभं चिरलं तेव्हा गुरुजी सुटले. इतकी जाहीर परीक्षा कुठल्या मोज्याची झाली नसेल. गुरुजींनी बोट चोखलं, खिळ्यांची पुडी उचलली आणि ‘माल उत्तम आहे, सूनबाई, घेऊन टाक’ असं सांगून निघून गेले.

दुकानदाराने जोड कागदात गुंडाळली. एक अखंड, एक चिरलेला, ग्रीस लागलेला. ‘भाऊच्या खात्यावर लिहितो,’ तो म्हणाला.

‘का म्हणून?’

‘तुमच्यासाठीच काढला होता ना.’

‘दहा नंबर मला बसत नाही, हे गणिताने सिद्ध झालंय तुमच्यासमोर!’

‘पण आता तो कोनालेच बसनार नाई, वहिनी. मी का करू?’

भांडायला मला येतं, पण चार पुरुषांसमोर सासऱ्यांच्या गुरुजींविरुद्ध भांडायला घरून परवानगी काढावी लागते, आणि ती कधी मिळत नाही. घरी आले. नवरा म्हणाला, ‘उजवा तर चांगला हाय.’ त्याच्या हाताला नऊ लागतो. तो उजवा त्याने लगेच चढवून पाहिला आणि म्हणाला, बसते जरा ढिला, मलेच होईन. माझं काम हात बोचवायचं, मोजा नवऱ्याचा!

हे काही एका दुकानदाराचं नाही. कापूस बाया वेचतात, निंदण बाया करतात, संत्रा बागेत खाली वाकून पानसोट काढायला बायांनाच लावतात, आणि तालुक्यात कामाचा मोजा म्हणजे दहा नंबर. नंबर सहापासून अकरापर्यंत असतात. कामाचे चामडी मोजे आपल्याच देशात कोलकात्याकडे ढिगाने शिवले जातात. सात आणि साडेसातही तिथे शिवला जात असणार, फक्त तो वरुडच्या दिशेने निघत नाही. आणि माप चुकलं की मोजा नसल्यात जमा. मोकळं टोक फांदीत अडकतं, सिकेटर निसटतं, मग बाई मोजा काढून धुऱ्यावर ठेवते आणि उघड्या हाताने काम संपवते. घरचे म्हणतात, पाहा, घेऊन दिले तरी वापरत नाही.

फवारणीचं तर विचारूच नका. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषाने वीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हा काही महिने सगळीकडे मास्क आणि मोज्यांचं बोललं गेलं. अजूनही कोणी तरी हातात चामड्याचा मोजा घालून फवारताना दिसतो. चामडं औषध शोषून घेतं आणि धुऊन जात नाही; पुढे महिनाभर तोच मोजा हाताला विष चोळत राहतो. त्याला रबरी, नायट्रिलचा मोजा लागतो. चुन्याच्या कामालाही चामडं नको, चुना त्याचा जीव शोषून ते कडक करतो. हे सांगायला गेलं तर लोक म्हणतात, वहिनी फार वाचते.

मी दुकानदाराला निरोप पाठवला, साडेसातचे मागव. परवा त्याचा फोन आला. बारीक नंबर डझनाखाली मिळत नाही, एक जोड तुमची, बाकी अकरा बचत गटात खपवा. गटाच्या बैठकीत मी विषय काढला. सगळ्यांनी पटापट बांगडीचं माप सांगितलं, दोन-चार, दोन-सहा, एक दोन-आठ. मी घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर बावीस सप्तमांशाने गुणत बसले, कारण दुसरी सोपी रीत मला आता सुचत नाही. दोन-चारवालीला सात, दोन-आठवालीला व्यवहारात आठ.

यादी घेऊन फोन केला. तो म्हणाला, अॅडव्हान्स लागन. मी म्हटलं, आधी त्या कापलेल्या मोज्याचे पैसे वजा कर.

तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘थांबा, गुरुजी अथीच बसले हायेत. त्यायले इचारून सांगतो.’