न्यूट्रल कुठं असतंय

आमची गाडी न्यूट्रलला आहे का तिसऱ्यात हे फक्त मलाच कळायचं, आणि खरं सांगू का, या गोष्टीचा मला लई माज होता. एमएच २४ पासिंगची जुनी हॅचबॅक, पंधरा वर्षं होऊन गेली म्हणून आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू केली, वर पर्यावरण कर भरला, इंजिन अजून एका सेल्फमध्ये चालू होतंय. फक्त गिअरचा दांडा तेवढा आंबिलात डाव फिरवल्यासारखा चहूकडं फिरायचा.

पहिला टाकायचा तर दांडा शेजारच्या माणसाच्या गुडघ्याला टेकेपर्यंत ढकलायचा आणि मग वर. तिसरा सरळ वर, पण सरळ म्हणजे कुठं हे दांड्यालाच माहीत नसायचं. चौथा टाकताना तर देवाचं नाव घ्यावं लागायचं कारण त्याच्या शेजारीच रिव्हर्स. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं ऐन गर्दीत पहिल्याच्या जागी तिसरा पडला की गाडी दोन हिसके देऊन बंद, आणि मागचा रिक्षावाला मान बाहेर काढून, "काय ओ काका, शिकायलाव का?"

पण फायदा बघा ना. गाडी कुणीच मागायचं नाही. मेहुण्यानं एकदा लग्नाला नेतो म्हणून चावी घेतली आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून ढकलत परत आणली. चोर जरी आला असता तरी त्याला आधी मला उठवून पहिला गिअर कुठाय हे विचारावं लागलं असतं.

हे असंच चाललं असतं, पण येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या, अख्खं लातूर शेतात, शहरात कुत्रं दिसत नाही, दुकानं बंद, गॅरेज बंद, त्या दिवशी रस्त्यात दांडा हातात आला तर मदतीला फक्त दुसऱ्यांच्या गाड्यातले भज्जी-भाकरी घेऊन चाललेले लोक. आमचं शेत रेणापूरच्या पुढं, डांबरी संपली की काळ्या मातीचा रस्ता. बायकोनं स्पष्टच सांगितलं, "अहो, आंबिलाची बिंदगी मांडीवर घेऊन मी ह्या गाडीत बसणार नाही. आधी ते हँडल नीट करा, न्हाईतर एसटीनं जाते मी." गिअरच्या दांड्याला ती हँडलच म्हणते, मी सुधरवायचं सोडून दिलंय.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे म्हणाले क्लच प्लेट गेली. ऑफिसातले एक म्हणाले गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यांच्या साडूचा उतरवला होता (साडूची गाडी डिझेल, वेगळीच, पण सल्ला तोच). आण्णांनी पद्मिनी काढली, म्हणजे आठवणीतली, तिला कसा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर असायचा आणि पुढं बाकड्यासारख्या सीटवर तिघं आरामात बसायचे, मधल्याच्या गुडघ्याला गिअर लागायचा प्रश्नच नाही. ऐकायला छान वाटतं, पण त्याचा आता उपयोग काय.

एका मोठ्या गॅरेजात गेलो तर तिथल्या पोरानं दांडा एकदा हलवला, चेहरा पाडला, म्हणाला खोलल्याशिवाय सांगता येत नाही, आणि खोलायचाच जो आकडा सांगितला तो ऐकून मी गाडीत बसून पहिल्याच झटक्यात पहिला गिअर टाकला, आयुष्यात एवढा अचूक कधी पडला नव्हता.

तेवढं तर मलाही कळत होतं की क्लचचा काही संबंध नाही. इंजिन बंद असताना गिअर लोण्यागत पडतात आणि चालू केलं की अडकतात, तर क्लचवर संशय घ्या. पडलेला गिअर चालता चालता आपोआप सुटतो, तर गिअरबॉक्स नाहीतर इंजिनचं माउंटिंग बघा. आमचं यातलं काहीच नव्हतं, गिअर सापडला की पक्का बसायचा, सापडायचाच नाही एवढीच तक्रार.

शेवटी नाक्याजवळच्या लिंबाखालच्या उस्तादकडं गेलो. त्यांनी आधी हँडब्रेक ओढायला लावला, चाकाला दगड लावले, जॅकवर गाडी उचलून खाली लाकडाचे ठोकळे सरकवले (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस मला आजवर पटलेला नाही), आणि खाली जाऊन म्हणाले, "साब, तुम दांडी हिलाव, मैं देखता." मी हलवली. खालून हसण्याचा आवाज आला. "उप्पर तुम नाचरे, नीचे रॉड सोया हुआ है."

मग मलाही वाकून बघायला लावलं. इंजिन पुढं आडवं, गिअरबॉक्स त्याच्या बगलेला, आणि दांडा इकडं दोन सीटच्या मधे. मधलं अंतर एक लांब रॉड सांभाळतो, काही गाड्यांत त्याजागी दोन केबली असतात. जिथं सांधा तिथं प्लास्टिकचा नाहीतर रबराचा बुश, म्हणजे सांधा ढिला पडू नये म्हणून बसवलेलं छोटं कडं. त्याच्यावर उन्हाळ्याची गरमी, काळ्या मातीची धूळ, वरचं ग्रीस वाळून खडखडीत. उस्तादनी लॉक काढून बुश माझ्या तळहातावर ठेवला तर गोल भोकाचं अंड्याच्या आकाराचं भोक झालेलं, कडेला तडा, आणि त्याच्या आत कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मागच्या मालकाच्या काळातला जुगाड. त्यावर चोपडलं होतं साधं ग्रीस, ते काही ट्यूबच्या रबराला सोसत नाही, पट्टी फुगून नुसता काळा चिकटा झाला होता. "गिअरबॉक्स कू कुछ बी नै हुआ. नक्को खोलो."

दुकानात सुट्टा बुश मिळत नाही, किट घ्या म्हणाले. किट एकशे ऐंशी रुपयांचा. मोठ्या गॅरेजचा आकडा मी बायकोला अजून सांगितलेला नाही, आता सांगणारही नाही.

बसवताना लॉक टुणकन उडालं. ते तसं उडतंच, जगात कुठंही. मग मी, उस्ताद, छोटू आणि पंक्चर काढायला आलेले एक गुरुजी असे चौघं मातीत वाकून नखाएवढं लोखंड शोधत होतो, आणि ते निघालं गुरुजींच्या चपलेखाली. नवीन वायसर, नवीन बुश, थोडं ग्रीस. दांडा हलवला तर खट. पहिला. खट. दुसरा. मी सवयीनं शेजारी ढकलायला गेलो तर जागेवरून हलेचना, माझाच खांदा दुखला.

येळवसच्या सकाळी पुतण्या आला, नुकतं लायसन निघालेलं, म्हणाला काका मी घेतो. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "द्या की, आता कुणालाही जमतंय." मला मागं बसवलं, मांडीवर बिंदगी दिली, शेजारी भज्जीचं पातेलं. पोरगं एका हातानं गिअर टाकतंय, वर गप्पा मारतंय, गाणं लावतंय. डांबरी संपली, काळ्या मातीच्या चाकोऱ्या आल्या, त्यानं तिसऱ्यातून दुसरा असा टाकला की आंबील हललंसुद्धा नाही. पुढच्या सीटवरून बायको त्याचं कौतुक करायला लागली.

मी जरा पुढं वाकून विचारलं, "क्लच थोडा जड लागत नाही का रे तुला?"