स्लो कुकरमध्ये कोरडा राजमा घालू नका

परदेशातल्या मराठी कुटुंबांमध्ये सध्या एक कृती मोठ्या उत्साहाने पुढे पाठवली जात आहे. सकाळी कोरडा राजमा, फ्रीझरमधले मटण, टोमॅटो आणि मसाले एकदमच स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात घालावेत, ‘लो’वर ठेवून कामावर जावे आणि संध्याकाळी जेवायला बसावे, अशी ती कृती. राजमा भिजवण्या-उकळण्याची गरज नाही, कारण आठ तासांत त्यातले सगळे दोष निघून जातात, आणि प्रेशर कुकर तर प्रथिने नष्ट करतो, असे दावे तिच्यासोबत असतात. राजमा-मटण मलाही प्रिय आहे आणि स्लो कुकरही माझ्या रोजच्या वापरातला आहे. म्हणूनच या दाव्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन, म्हणजे कच्चे पोटात गेल्यास बाधणारे एक प्रथिन असते आणि लाल राजम्यात त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. ते मोजण्याच्या एककात कच्च्या लाल राजम्याचा आकडा 20,000 ते 70,000 भरतो, तर पूर्ण शिजलेल्या राजम्याचा 200 ते 400. हा फरक घडतो तो खळखळत्या उकळीने, नुसत्या तासांनी नव्हे. स्लो कुकरमधल्या पदार्थाचे आतले तापमान अनेकदा 75 अंश सेल्सियसच्या पुढे जात नाही, असे मोजणीत आढळले आहे. आणि राजमा 80 अंशांपर्यंतच तापला, तर त्याची विषारीता कच्च्या राजम्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकते, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवले आहे. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मागोमाग जुलाब सुरू होऊ शकतात. दाणा बोटाने चेपला जातो म्हणजे तो शिजला, ही आपली नेहमीची परीक्षा येथे फसवी ठरते, कारण इतक्या तासांत तो मऊ झालेला असतो, पण निर्धोक झालेला नसतो.

‘स्लो कुकर मुळात कडधान्य-मांसासाठीच जन्मला’ हा या संदेशातला दाखला मात्र खरा आहे. आयर्विंग नॅक्सन यांना ज्या भांड्याचे पेटंट 1940 मध्ये मिळाले, त्याची कल्पना त्यांना आईने सांगितलेल्या लिथुआनियातल्या चोलंटवरून, म्हणजे रात्रभर मंद शिजणाऱ्या कडधान्य-मांसाच्या ज्यू रश्श्यावरून सुचली होती. पुढे 1971 मध्ये ‘रायव्हल’ कंपनीने तेच ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. परंतु चोलंटचे भांडे बेकरीच्या तापलेल्या भट्टीत जात असे आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, सुरू होण्यापूर्वीच ते आचेवर चढलेले असे. गार पाण्यातला कोरडा दाणा मंद विजेवर सोडून देणे ही ती परंपरा नव्हे.

प्रेशर कुकर प्रथिने नष्ट करतो, हे म्हणणेही टिकत नाही. उष्णतेने प्रथिनांची घडी उलगडते, ती कोणत्याही भांड्यात उलगडते आणि त्याने ती पचायला सोपीच होतात. उलट कुकरमधले साधारण 120 अंशांचे तापमान या लेक्टिनचा निकाल लवकर लावते.

म्हणून राजमा रात्रभर, निदान पाच तास तरी, भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात तीस मिनिटे खळखळ उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. बाजारात सीलबंद डब्यात मिळणारा (कॅन्ड) राजमा आधीच शिजवलेला असतो, त्याला हे बंधन नाही. टोमॅटो सुरुवातीला घालू नये, कारण आंबटपणाने दाण्याची साल आणि गर दोन्ही मऊ व्हायला फार वेळ घेतात. तो शेवटच्या तासात घालावा.

गोठलेले मटण तसेच टाकणेही चुकीचे आहे. जीवाणू झपाट्याने वाढतात तो 5 ते 60 अंशांचा पट्टा मग भांड्याला फार सावकाश ओलांडावा लागतो. मटण आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावे आणि शक्यतो खांद्याचे किंवा नळीचे घ्यावे. त्यातल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे मंद आचेवर हळूहळू जिलेटिन होते आणि रस्सा अंगचाच दाट होतो. या भांड्याचे खरे सामर्थ्य आहे ते इथे.